शार्पनेस आणि पार्श्वभूमीची धूसरता

छायाचित्रणातील परस्परसंबद्ध संकल्पना. विषयाचे बारकावे भिंगातून किती काटेकोर उमटतात तो शार्पनेस (रेखीवता). विषयामागचा भाग अस्पष्ट होणे ही धूसरता. ही धूसरता मऊ आहे की बोचरी, हे सांगण्यासाठी ‘बोके’ ही संज्ञा आहे. व्यवहारात सगळ्यालाच ‘ब्लर’ म्हणतात.

‘बोके’ हा मूळ जपानी शब्द. इंग्रजीत तो १९९७ च्या सुमारास अमेरिकेतील ‘फोटो टेक्निक्स’ या नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांच्यामुळे रुळला, असे सामान्यतः मानतात; उच्चार चुकू नये म्हणून शेवटी ‘एच’ त्यांनीच जोडला. यावरून ही दृष्टीच अलीकडची ठरवणे मात्र पटत नाही. गणिती जोझेफ पेट्झव्हाल यांच्या १८४० च्या भिंगात मध्यभाग रेखीव येई आणि कडांकडे चित्र भोवऱ्यासारखे फिरत विरे. विषयाखेरीजचा भाग किंचित मऊ ठेवावा असे छायाचित्रकार पी. एच. इमर्सन यांनी १८८९ मध्ये मांडले. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृती छायाचित्रकारांच्या ‘एफ/६४’ गटाने (एफ-आकडा जितका मोठा, तितके भिंगाचे छिद्र लहान) सर्वत्र रेखीवतेचा आग्रह धरला. वाद शब्दाच्या आधीचा आहे, हेच अधिक ग्राह्य वाटते.

फोकसबाहेरचा प्रकाशबिंदू फिल्मवर चकती होऊन पडतो. ३६ × २४ मिमी. चौकटीत सुमारे ०.०३ मिमी.पर्यंतची चकती डोळ्याला बिंदूच भासते. जळगाव जिल्ह्यातील यावलच्या शिवारात २ मी. वर उभ्या माणसाचे ५० मिमी. भिंगाने चित्र घेतले, तर मागच्या दूरच्या सातपुड्यावरील बिंदूची चकती एफ/१.८ ला सुमारे ०.७ मिमी., एफ/८ ला ०.१६ मिमी. होते. पहिल्यात डोंगराचा निळसर पट्टा उरतो, दुसऱ्यात त्याची कड ओळखू येते. एफ/१६ पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) खुद्द विषयच मऊ पडू लागतो. भुसावळकडच्या वैशाखी दुपारी तापलेली हवा लांबच्या दृश्याची रेखीवता घालवते. त्यावर भिंगाचा इलाज नाही.

गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे व मध्याचे किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) जरा कमी दुरुस्त केलेल्या भिंगात मागच्या चकत्या कडेला विरतात आणि पार्श्वभूमी लोण्यासारखी दिसते. दुरुस्ती जास्त झाली की चकत्यांना उजळ कड येते. केळीबागेत हे लगेच कळते: वाऱ्याने चिरफाळलेल्या पानांमधून उन्हाचे कवडसे येतात आणि चेहऱ्याआधी त्यांच्या उजळ कडांवरच नजर जाते. म्हणून भिंग निवडताना मागची पाने जरूर पाहावीत.

मोबाइलमधील धूसरता बहुधा सॉफ्टवेअरच्या गणनेने केलेली असते. मोकळ्या केसांपाशी ती चुकते.

खानदेशात या विषयाशी जवळचे नाव चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–८९) यांचे. टेबलावर लहान वस्तू मांडून दृश्य उभे करणे, म्हणजे टेबल-टॉप छायाचित्रण, हे त्यांचे खास क्षेत्र. इतक्या जवळून रेखीव पट्टा काही सेंटिमीटरच राहतो, आणि मागचा भाग धूसर झाला की देखावा खेळण्याएवढा आहे हे उघड होते.