न्यू शाहूपुरीतल्या चर्चचे वायल्डर कोण?

नाताळ आला की कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव बातम्यांत झळकतं. हे वायल्डर कोण, असं विचारलं तर ‘कुणीतरी इंग्रज साहेब’ यापुढे गाडी जात नाही. मुळात ते इंग्रज नव्हतेच. रॉयल गूल्ड वायल्डर अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. १८४६ साली अहमदनगरच्या मिशनात आले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात. तेव्हा गादीवर बाबासाहेब महाराज होते. रेल्वे यायला अजून ३९ वर्षं होती.

त्यांचं खरं भांडण झालं ते स्वतःच्याच संस्थेशी. त्यांना इथे पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले आणि धोरण फिरलं: शाळा, त्यातही इंग्रजी शाळा, आवरत्या घ्या, लोकांच्या भाषेत उपदेश करा. वायल्डरांना शाळा हव्या होत्या. १८५७ साली ते तब्येतीसाठी मायदेशी गेले. पुढे बोर्डाने कोल्हापूरचं केंद्रच सोडून दिलं. गडी हट्टी. १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर परत आला आणि १८७० साली प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बोर्डाने हे काम हाती घेईपर्यंत तसाच टिकला. गंमत अशी की, मराठीची बाजू त्या वादात अँडरसनची होती!

चर्चबद्दलची आपली नजर तयार होते ती गोव्याच्या सहलीत. पणजीचं १६१९ साली नव्याने बांधलेलं पांढरंशुभ्र चर्च, त्याचा १८७१ सालचा नागमोडी जिना, ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टीनियन मठातून आलेली अवजड घंटा, आत सोनेरी वेदी. ते डोळ्यांत ठेवून प्रेस्बिटेरियन घडणीच्या चर्चमध्ये गेलं की चुकल्यासारखं वाटतं. या परंपरेत मूर्ती नाहीत, झगमगाट नाही. मान असतो तो उपदेशाच्या व्यासपीठाला, आणि जवळच प्रभुभोजनाचं साधं मेज. पाळकांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, बाकी सजावट मागाहून. मराठी मंडळ्यांत मात्र या साधेपणात ना. वा. टिळकांची गीतं घुमतात, आणि कान आपोआप भजनाकडे वळतो.

वायल्डर १८८७ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेतल्या माउंट हर्मनला शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनसाठी नावं दिली होती. त्यांना गोळा करण्यात पुढे होता वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट, जन्म १८६३, कोल्हापूर.