माचाची मिठाई: शेजारचा गोडवा चहातच कसा मिसळला

2024 च्या शरद ऋतूत जपानमधल्या क्योतोतल्या काही जुन्या चहाच्या पेढ्यांनी माचाच्या, म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांच्या हिरव्या भुकटीच्या, विक्रीवर मर्यादा घातली. एका गिऱ्हाइकाला ठरावीकच डबे मिळू लागले. मे 2025 मध्ये तिथल्या एका लिलावात माचासाठीच्या पानाचा सरासरी भाव किलोला 8,235 येनपर्यंत चढला, आदल्या वर्षीच्या साधारण पावणेदोन पट. खापर फुटलं ते परदेशी पर्यटक आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंवर. पण माचा चमच्याने खायची सवय जपानने स्वतःच लावून घेतली आणि तीही फार जुनी नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस चीनहून परतलेल्या एका भिक्षूने चहा औषध म्हणून सांगितला. मग तो मठांतून सरदारांकडे आणि तिथून चहाच्या विधीत, म्हणजे पाहुण्याला ठरावीक रीतीने माचा देण्याच्या सोहळ्यात, पोहोचला. आपल्या कामाचा तपशील या वाटचालीत एकच: विधीत मिठाई चहाच्या आधी खातात. अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण असलेला छोटा तुकडा तोंडात विरघळला, की मागून फेसाळलेला कडू पेला. कित्येक शतकं गोड आणि कडू यांची गाठ जिभेवरच पडली. चहा मिठाईच्या शेजारी असायचा, मिठाईत नाही.

हा शेजार मोडणारी जुनी गोष्ट म्हणजे ‘उजी किंतोकी’. किसलेल्या बर्फावर माचाचा पाक आणि गोड अझुकी. उजी हे क्योतोजवळचं चहाचं गाव, किंतोकी हा लोककथेतला लालबुंद चेहऱ्याचा बलदंड पोरगा. त्या लालीवरून अझुकीला त्याचं नाव चिकटलं. बर्फाच्या गोळ्यावर वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रकार पहिल्याच घासात कळतो.

पुढची हालचाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. 1978 मध्ये क्योतोच्या गिओन भागात एका चहाच्या पेढीने मिठाईचं दालन उघडलं. उंच काचेच्या पेल्यात माचाचं आइस्क्रीम, जेली, मोचीचे (चिकट तांदळाचे) गोळे आणि केक रचून दिलेल्या तिथल्या पार्फेसाठी आजही जिन्यावर रांग लागते. 1996 मध्ये एका परदेशी आइस्क्रीम कंपनीने जपानात हा स्वाद आणला आणि तो तिथला कायमचा स्वाद होऊन बसला. 2004 मध्ये वेफरच्या चॉकलेटचा नंबर लागला. आता उजीत नदीकाठच्या रस्त्यावर चालत गेलं, तर सॉफ्ट आइस्क्रीमपासून नूडल्सपर्यंत सगळं हिरवं दिसतं.

त्या 1996 च्या कपावर मात्र ‘माचा’ लिहिलेलं नव्हतं, ‘ग्रीन टी’ लिहिलं होतं. इथूनच नावाचा गुंता सुरू होतो. जपानीत हिरवा चहा म्हणजे वाफवून वळलेल्या पानांचा रोजचा चहाही आणि माचाही. आपल्याकडे ‘ग्रीन टी’ म्हणजे वजन कमी करायला गरम पाण्यात बुडवायची पुडी. त्या पुडीच्या आठवणीने माचाचं आइस्क्रीम खायला गेलेल्या माणसाला पहिल्या चमच्याला गवत, दुसऱ्याला साय आणि तिसऱ्याला पालक आठवतो; आवड चौथ्या चमच्यापासून लागते.

माचाचा शब्दशः अर्थ ‘कुटलेला चहा’. पण कुठलाही हिरवा चहा कुटला की माचा होत नाही. काढणीच्या आधी मळ्यावर काही आठवडे सावली धरतात. ऊन कमी झालं की पानातला हिरवा रंग वाढतो, आणि थिआनिन हा गोडसर घटक टिकून राहतो. उन्हात त्याचंच रूपांतर तुरट घटकांत होतं. मग पान वाफवून, न वळता सुकवतात, देठ-शिरा काढतात. या पानाला ‘तेंचा’ म्हणतात. गंमत अशी की या शब्दातही दळण्याचीच खूण आहे, जरी पान अजून जात्यात पडलेलं नसतं. दगडी जात्यातून तासाला जेमतेम तीसचाळीस ग्रॅम माचा निघतो. आता या हिशेबाने आइस्क्रीमचा कारखाना चालवून बघा. म्हणून स्वयंपाकासाठीचा माचा बहुतेक वेळा नंतरच्या तोडणीचा आणि यंत्राच्या गिरणीतला. काही ठिकाणी तर साध्या हिरव्या चहाची भुकटीही त्याच नावाने खपते. नेमकी रेषा कुठे, यावर व्यापारात वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. 2022 मध्ये एका आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने व्याख्येचा दस्तऐवज काढला, पण तो अहवाल आहे, बंधनकारक नियम नाही.

या वादाचं सगळ्यात बोलकं प्रकरण आइची प्रांतातल्या निशिओचं. या गावात चहा म्हणजे जवळपास सगळा तेंचाच, आणि 1960 नंतर इथल्या कारखान्यांनी माचा खाद्यपदार्थांत घालायचा माल म्हणून विकायला सुरुवात केली. मिठाईतल्या माचाची खरी कारखानदारी उजीच्या नव्हे, या गावाच्या नावावर जमा व्हायला हवी. पोस्टकार्डांवर मात्र उजीच असतं. 2017 मध्ये निशिओच्या माचाला भौगोलिक मानांकन मिळालं. अटी परंपरेला साजेशा होत्या: मांडव घालून सावली, दगडी जात्यावर दळण. पण गावाचा मोठा धंदा आइस्क्रीम आणि केकसाठीच्या स्वस्त मालाचा. तो या अटींत बसेना, आणि अटी पाळून केलेला माल कारखान्यांना परवडेना. 2020 मध्ये उत्पादकांनी मानांकन स्वतःहून परत केलं.

टीकाकारांना यात परंपरेची माघार दिसली. मला तसं वाटत नाही. हापूसच्या नावाने कुठला आंबा पेटीत भरायचा यावरची भांडणं आपण पाहिली आहेत. आमरसाच्या डब्यातही देवगडचाच आंबा हवा असा आग्रह धरला, तर डबा कोण विकत घेणार? निशिओवाल्यांनी आपला माल कुठे जातो ते बघून निर्णय घेतला. उजीने वेगळा रस्ता धरला: 2004 च्या व्याख्येनुसार क्योतो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांतला चहा क्योतोत अंतिम प्रक्रिया करून ‘उजी चहा’ म्हणून विकता येतो. म्हणजे नाव गावाचं आणि पानं चार प्रांतांची. यावर मात्र कुणी फारसं बोट ठेवत नाही.

मळेवाल्यांनी मागणीचा कल ओळखला आहे. 2024 मध्ये जपानात तेंचाचं उत्पादन सुमारे 5,300 टनांवर गेलं, दहा वर्षांपूर्वीच्या अडीच पटीहून जास्त. त्यात आघाडीवर क्योतो नाही, दक्षिणेचा कागोशिमा आहे. सपाट मळे, यंत्राने तोडणी. रोजच्या चहाची पानं मागे पडून तेंचाचे मांडव वाढतायत, आणि साधा चहा पिणाऱ्या जपानी घरांना त्याचा भाव आता जाणवू लागलाय.

स्वयंपाकघरातली एक अडचण मात्र सगळ्यांना सारखीच. माचाचा हिरवा रंग उष्णता आणि उजेड सोसत नाही. भट्टीतून निघालेला केक शेवाळी, कधी तपकिरी होतो. थंड पदार्थात हा रंग टिकतो, म्हणून माचाचं आइस्क्रीम जगभर गेलं आणि बिस्किटं मागे राहिली. दुकानात बिस्किट फारच हिरवंगार दिसलं, तर पुडा उलटा करून घटकांची यादी वाचावी.