औषध गाठीपर्यंत पोचलं का?

केमोच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या शिरेत सलाईनमधून लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन उतरत असतं, तेव्हा ते जातं कुठे? रक्त नेईल तिथे. कर्करोगाच्या गाठीत जातं, तसंच केसांच्या मुळांशी, आतड्याच्या अस्तरात आणि हृदयाच्या स्नायूतही. हृदयाच्या धास्तीमुळेच हे औषध एका माणसाला आयुष्यात एकूण किती द्यायचं यावर मर्यादा आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये तेच औषध मेदाच्या इवल्याशा फुग्यात, म्हणजे लायपोसोममध्ये, कोंडलेलं असतं. फुगा जेमतेम १०० नॅनोमीटरचा. एका तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीवर असे सत्तरेक फुगे ओळीनं मावतील. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींत फटी राहतात. निरोगी वाहिनीतून सहसा बाहेर न पडणारा फुगा इथे झिरपतो, आणि निचरा धड नसल्यानं आतच अडकतो. जपानमधल्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये हे मांडलं.

डॉक्सिलमुळे हृदयावरचा भार हलका झाला, हे थोडंथोडकं नाही. पण गाठीत किती पोचलं? २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे, प्रयोग एकत्र करून पाहिले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी, म्हणजे अशा फुग्यांसारख्या अतिसूक्ष्म कणांपैकी, गाठीत पोचलेल्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के! उरलेल्यांतले पुष्कळसे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात.

मग माणसात काय होतं? याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उत्तर एमएम-३०२ या औषधाच्या अभ्यासातून आलं. हाही डॉक्सोरुबिसिन भरलेला फुगाच, पण त्याच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडांचे तुकडे जोडलेले. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींवर हर-टू हे प्रथिन खच्चून भरलेलं असतं, त्याला हे तुकडे चिकटतात. संशोधकांनी फुग्यात तांबं-६४ हे किरणोत्सारी तांबंही भरलं. त्यातून निघणारा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. पेट स्कॅनरचं कडं ते टिपतं आणि फुगा कुठे आहे ते पडद्यावर उमटतं. या तांब्याचा अर्धायुकाल १२.७ तास, त्यामुळे एकदोन दिवसांनीही माग काढता येतो.

रोग शरीरात पसरलेल्या १९ रुग्णांचे असे स्कॅन झाले. निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. यकृत आणि प्लीहा उजळलेले होतेच. पण गाठीगाठींमधला फरक तब्बल ३५ पटींचा निघाला. हाडांतल्या आणि मेंदूतल्या गाठींमध्येही औषध दिसलं. रक्तात औषध किती आहे, याच्याशी मात्र या फरकाचा संबंध नव्हता. म्हणजे नुसती रक्ततपासणी करून हे कधीच कळलं नसतं. ज्यांच्या गाठींत जास्त औषध साठलं, त्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला.

याच औषधाची पुढची मोठी चाचणी २०१६ च्या अखेरीस थांबवावी लागली, कारण एकूण रुग्णांत फायदा दिसेना. त्या चाचणीत स्कॅन पाहून रुग्ण निवडले नव्हते. औषध पोचलेले आणि न पोचलेले एकाच सरासरीत मोजले गेले असावेत, असं मला राहून राहून वाटतं.

तांबं-६४ तयार करायला सहसा सायक्लोट्रॉन हे कणांना वेग देणारं यंत्र लागतं आणि ते वेळेत रुग्णालयात पोचवावंही लागतं. लोखंडाची वाट त्यामानानं सोपी. फेरुमॉक्सिटॉल हे लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं इंजेक्शन २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना लोहाच्या कमतरतेसाठी देतात. क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ते देखरेखीखालीच द्यावं लागतं. हे कण एमआरआयमध्ये दिसतात. एका छोट्या अभ्यासात आधी हे लोखंड देऊन एमआरआय काढला आणि नंतर इरिनोटेकन हे केमोचं दुसरं औषध भरलेले लायपोसोम दिले. ज्या गाठींनी लोखंड जास्त शोषलं होतं, त्याच औषधानं जास्त आकसल्या. औषधाचा पहिला थेंब शिरेत जाण्याआधीच गाठीच्या फटींचा अंदाज आला होता.