भरतीची वेळ नागपूरच्या भिंतीवर

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठी गळ टाकून बसणारा माणूस ऊन बघून वेळ ठरवतो. मीही तेच शिकलो होतो. अलिबागला पहिल्यांदा गेलो तेव्हा पौर्णिमा होती. पहाटे साडेपाचला धक्क्यावर पोचलो, तर पाणी पार खाली गेलेलं आणि खांबांखाली नुसता चिखल. जाळं सांधत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "तिथी बघून निघाला होतात का?"

त्यांनी सांगितलेला हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालतो. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी आणि रात्री त्या सुमारास पूर्ण होते, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते. म्हणून दर तिथीला पाऊण तास. नागपुरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, म्हणजे समुद्रापासून इतक्या लांब बसूनही भरतीची वेळ काढता येते.

पण माशाला पाणी किती चढलं यापेक्षा ते वाहतंय की नाही, हे जास्त महत्त्वाचं. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास. त्यातल्या पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं, म्हणून ओढ तेव्हा सर्वांत जास्त. ही ओढ कोळंबी आणि बारीक मासळी वाहून आणते. धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटतं, खांबामागे भोवरे आणि शांत आडोसा तयार होतो. मोठा मासा तिथे फारशी ताकद न घालवता थांबतो आणि समोरून येणारं भक्ष्य टिपतो. त्यामुळे गळ खांबापासून दूर फेकण्यापेक्षा आडोशाच्या कडेला सोडलेला मला जास्त पटतो. भरती पूर्ण झाली की पाणी थबकतं आणि बहुतेक वेळा मासाही तोंड उघडत नाही.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, ते उधाण. तेव्हा पाण्याची ओढ इतकी की गळाच्या दोरीला बांधलेलं हलकं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात असतात, तो भांग. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, म्हणून भांगातही भरती येते, पण बेताची.

मग फुटाळ्यात भरती का नाही? चंद्र तिथेही ओढतोच. पण भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे, आणि एवढ्याशा तलावाच्या दोन काठांवर तो फरक जवळजवळ शून्य. नागपूरची जमीन मात्र याच ओढीने दिवसातून दोनदा वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होते. सगळं शहर एकत्र हलतं, म्हणून कळत नाही.

काकांनी मला आठ वाजेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. सव्वाआठला पहिला शेंगाळा लागला.