अंधबिंदू: डोळ्यातला आणि स्वभावातला

स्वभावातली जी गोष्ट इतरांना दिसते पण आपल्याला दिसत नाही, तिला हल्ली सर्रास ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हटले जाते. हा शब्द मुळात नेत्रविज्ञानातला. फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिऑत यांना असा प्रश्न पडला होता, की मेंदूकडे जाणारी नस डोळ्याच्या पडद्याला जिथे मिळते तिथे दृष्टी अधिक तीक्ष्ण असेल की मंद? त्यांनी अंधाऱ्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर कागदाचा एक लहान गोल तुकडा चिकटवला आणि त्याच्या उजवीकडे सुमारे २ फुटांवर, किंचित खाली, दुसरा. डावा डोळा मिटून, नजर पहिल्या कागदावर रोखून ते मागे सरकत गेले, तेव्हा सुमारे १० फुटांवर दुसरा कागद पूर्णपणे दिसेनासा झाला. त्याची प्रतिमा नस मिळते नेमकी त्या जागी पडत होती, आणि तिथे दृष्टीच नव्हती. हा वृत्तान्त १६६८ साली प्रसिद्ध झाला.

हा प्रयोग घरीही करता येतो. कागदावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ८ सेंटिमीटरवर ठिपका काढावा, डावा डोळा मिटून फुलीकडे पाहत कागद ३० सेंटिमीटरच्या आसपास पुढेमागे करावा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो, पण त्या जागी भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. ठिपक्यातून रेघ ओढलेली असेल तर ती अखंड दिसते. उणीव मेंदू भरून काढतो, म्हणून ती उणीव आहे हेच जाणवत नाही. गमतीचा भाग असा, की मारिऑत यांनी स्वतः या शोधातून चुकीचा निष्कर्ष काढला: पाहण्याचे काम डोळ्याचा पडदा (दृष्टिपटल) करत नसून त्यामागचा काळसर थर करतो, असे ते मानू लागले.

माणसाच्या वागण्याला हा शब्द चिकटला तो विसाव्या शतकात. निंदकाचे घर शेजारी असावे, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. पण निंदकाचे बोलणे रीतसर ऐकून घेण्याची सोय १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, न्यू ब्रिटन येथे, जवळजवळ अपघातानेच झाली. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या कार्यशाळेत दिवसभराच्या नोंदींवर निरीक्षक रात्री चर्चा करत, आणि काही शिबिरार्थींनी तिथे बसण्याची परवानगी मागितली. आपल्याविषयीची नोंद ऐकून एका बाईंनी, असे घडलेच नाही, म्हणून हरकत घेतली. लेविन यांना मात्र त्या वादातच शिकण्याचे साधन दिसले. ते १९४७ च्या फेब्रुवारीत वारले, तरी त्याच वर्षी मेन राज्यातल्या बेथेल येथे याच धर्तीची शिबिरे सुरू झाली.

माणसाविषयी त्याला स्वतःला काय ठाऊक आहे आणि इतरांना काय, हे दाखवणारी चार कप्प्यांची खिडकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली मांडली, तीही याच परंपरेतली. दोघांच्या नावांतल्या ‘जो’ आणि ‘हॅरी’वरून तिला ‘जोहारी’ म्हणतात. इतरांना ठाऊक पण स्वतःला अज्ञात, असा तिचा एक कप्पा, म्हणजे अंध भाग. प्रशिक्षणवर्गांत तक्ता भरून ही खिडकी उरकली जाते, ते मला पटत नाही. कारण तो कप्पा दुसऱ्याने सांगितल्याखेरीज भरताच येत नाही.

आणि सांगूनही भागतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांच्या २००२ च्या अभ्यासात बहुतेकांनी, पूर्वग्रह इतरांत जास्त आणि आपल्यात कमी आहेत, असे सांगितले. स्वतःला सरासरीपेक्षा सरस ठरवणाऱ्यांना ही चूक कशी घडते हे वाचायला दिले. तरीही आपले मूल्यमापन अचूक आणि तटस्थच आहे, यावर ते ठाम राहिले.