प्रथिन संश्लेषण

प्रथिन संश्लेषण : डीएनएमध्ये साठवलेल्या माहितीबरहुकूम पेशीत अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली जाऊन प्रथिन तयार होण्याची प्रक्रिया. तिचे दोन मुख्य टप्पे आहेत. पहिल्यात डीएनएच्या एका तुकड्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते. याला प्रतिलेखन म्हणतात. दुसऱ्यात त्या नकलेवरची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि त्यानुसार अमिनो आम्लांची साखळी विणली जाते, हे भाषांतरण. जिवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत आणि माणसापर्यंत या प्रक्रियेचा सांगाडा एकच आहे.

शालेय आकृत्यांत ही प्रक्रिया ‘कोणत्या तरी’ प्रथिनाची दाखवलेली असते आणि बहुधा त्यामुळेच परीक्षा संपताच ती डोक्यातून जाते. म्हणून या नोंदीत एकच प्रथिन धरून शेवटपर्यंत नेले आहे : रक्तातील हिमोग्लोबिनचा एक घटक, बीटा ग्लोबिन. या प्रथिनाचे काम, त्याचे जनुक आणि त्या जनुकातील दोष यांची जितकी कसून तपासणी झाली आहे, तितकी फारच थोड्या प्रथिनांची झाली असेल. शिवाय विदर्भात आणि सातपुड्यात घरोघरी ठाऊक असलेला सिकलसेल हा आजार याच जनुकातल्या एका अक्षराचा आहे.

बीटा ग्लोबिनचे जनुक माणसाच्या 11व्या गुणसूत्रावर आहे. त्याची लांबी सुमारे 1,600 अक्षरे. अक्षरे म्हणजे डीएनएमधील चार क्षारके : अ‍ॅडेनीन (ए), थायमीन (टी), ग्वानीन (जी) आणि सायटोसीन (सी). डीएनएच्या दोन धाग्यांत एसमोर टी आणि जीसमोर सी असते. ही जोडी 1953 मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी मांडलेल्या दुहेरी सर्पिलाचा प्राण आहे, कारण एक धागा हाती असला की दुसरा आपोआप ठरतो. नक्कल करण्याची सगळी युक्ती एवढ्यावर उभी आहे.

हे जनुक शरीरातील केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते, पण ते उघडले जाते फक्त अस्थिमज्जेत, तांबड्या पेशी घडत असताना. यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशीत ते बंद पडून असते. ते उघडावे की नाही हे ठरवणारा डीएनएचा पट्टा जनुकाला लागून नाही, तर त्याच गुणसूत्रावर 40 ते 60 हजार अक्षरे दूर आहे. नियामक प्रथिने त्याला चिकटली की मधला धागा वळसा घेतो आणि तो पट्टा जनुकाच्या तोंडाशी येतो. मग आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) दोन्ही धागे थोडेसे विलग करते आणि त्यांपैकी एकावरून समोरासमोर अक्षरे जुळवत पुढे सरकते. माणसाच्या पेशीत हे काम मिनिटाला साधारण एक ते चार हजार अक्षरांच्या वेगाने चालते. नव्या आरएनएत टीऐवजी युरॅसिल (यू) बसते.

निघालेली नक्कल लगेच वापरता येत नाही. तिच्या पुढच्या टोकाला एक रासायनिक टोपी बसते, मागच्या टोकाला ए-ए-ए अशी लांब शेपटी जोडली जाते आणि मधले दोन तुकडे कापून टाकले जातात. जनुकात मधेच निरर्थक मजकूर असावा आणि तो काढून उरलेले भाग सांधावे लागावेत, हे 1977 पर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना या शोधासाठी 1993चे नोबेल मिळाले. बीटा ग्लोबिनमधील पहिला टाकाऊ तुकडा 130 अक्षरांचा, दुसरा 850 अक्षरांचा. ते गेल्यावर उरतात सुमारे 626 अक्षरे, आणि त्यांतलीही प्रथिनासाठी वाचली जातात ती फक्त 444. उरलेली पुढेमागे राहून हा संदेश, म्हणजे ही छाटलेली नक्कल, किती काळ टिकावा, किती वेळा वाचला जावा यांवर परिणाम करतात.

कापण्याची जागा दाखवणाऱ्या खुणाही अक्षरांच्याच असतात आणि त्या बिघडू शकतात. बीटा ग्लोबिन पुरेसे न बनण्याच्या आनुवंशिक आजाराला बीटा थॅलेसेमिया म्हणतात. भारतात त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे पहिल्या टाकाऊ तुकड्यातल्या पाचव्या अक्षराचा बदल : जीच्या जागी सी. हे अक्षर प्रथिनात कधी येतच नाही, तरी त्याच्यामुळे कात्री भलतीकडे चालते आणि धड संदेश फार थोडे निघतात. फेकून द्यायच्या कागदावरच्या चुकीने अख्खे पुस्तक बिघडावे, तसा हा प्रकार आहे.

तयार संदेशक आरएनए केंद्रकाबाहेर येतो. बीटा ग्लोबिनच्या संदेशातील वाचला जाणारा भाग असा सुरू होतो :

एयूजी – जीयूजी – सीएयू – सीयूजी – एसीयू – सीसीयू – जीएजी – जीएजी – एएजी

तीन अक्षरांच्या अशा गटाला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट 64 होतात. त्यांपैकी 61 गट वीस अमिनो आम्लांसाठी आहेत, म्हणजे बहुतेक आम्लांना एकाहून अधिक कोडॉन आहेत. उरलेले तीन, यूएए, यूएजी आणि यूजीए, ‘थांबा’ सांगतात. एयूजी ही सुरुवातीची खूण असून तिच्यामुळे मेथिओनिन हे आम्ल बसते. त्यानुसार वरची ओळ वाचली तर मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल आणि लायसिन असा क्रम मिळतो. एकूण 147 आम्ले जोडली गेल्यावर 148वा कोडॉन थांबा म्हणतो. पहिले मेथिओनिन पुढे छाटले जाते आणि 146 आम्लांचे बीटा ग्लोबिन उरते. आम्लांचे क्रमांक लावताना मेथिओनिन मोजत नाहीत.

ही सांकेतिक लिपी उलगडली ती 1961 ते 1966 या काळात. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी 1961 मध्ये जिवाणूंच्या पेशी फोडून मिळवलेल्या रसात नुसत्या यू अक्षरांचा कृत्रिम आरएनए टाकला, तेव्हा फक्त फेनिलअ‍ॅलनिनची साखळी तयार झाली. यूयूयू म्हणजे फेनिलअ‍ॅलनिन, हा पहिला शब्द लागला. हर गोविंद खोराना यांनी ठरावीक अक्षरे ठरावीक क्रमाने पुन्हापुन्हा येणारे आरएनए प्रयोगशाळेत बांधून बाकीच्या अनेक शब्दांचा अर्थ पक्का केला. आजच्या पाकिस्तानातल्या मुलतान भागातील एका खेड्यात जन्मलेल्या खोरानांना 1968चे नोबेल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासह मिळाले. ही लिपी जवळजवळ सर्व सजीवांत सारखी आहे. आपल्याच पेशींतल्या तंतुकणिकांत (मायटोकाँड्रिया) मात्र थोडा पाठभेद आहे : तिथे यूजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन.

कोडॉनांमध्ये मोकळी जागा किंवा दंड नसतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिलीच्या मुलाला काना-मात्रा नसलेले शब्द सलग लिहून द्यावेत, ‘सरळसडकपकड’, तसा हा मजकूर असतो. कुठून सुरुवात करायची ते ठाऊक असेल तर ‘सरळ सडक पकड’ असे नीट वाचता येते. ‘सरळ’नंतर एक ‘म’ घुसला की ‘सरळ मसड कपक’. भारतीय थॅलेसेमिया रुग्णांत आढळणारा एक बदल हुबेहूब असाच आहे : आठव्या आम्लाच्या कोडॉननंतर एक जादा जी. त्यानंतरचे सगळे गट एका घराने सरकतात, साखळीत भलतीच आम्ले बसू लागतात आणि नव्या वाचनातला चौदावा गट नेमका यूजीए निघतो. साखळी तिथेच तुटते.

कोडॉनचा अर्थ लावतो कोण? पुस्तकांत हे श्रेय सर्रास रायबोसोमला, म्हणजे आम्लांची साखळी जोडणाऱ्या पेशीतल्या यंत्राला, दिले जाते, ते बरोबर नाही. क्रिकने 1955 मध्येच तर्क केला होता की आरएनए आणि अमिनो आम्ल यांची थेट ओळख पटत नसावी. मधे कुणी तरी दुभाषी हवा. तो दुभाषी म्हणजे वाहक आरएनए. सुमारे 75 ते 90 अक्षरांचा हा छोटा रेणू. त्याच्या एका टोकाला कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरे असतात, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल अडकवलेले असते. योग्य वाहकाला योग्य आम्ल अडकवून देण्याचे काम विकरे करतात. प्रत्येक आम्लासाठी एक, अशी ती साधारण वीस आहेत. शब्दकोश खरा त्यांच्याकडे आहे. रायबोसोम फक्त कोडॉन आणि वाहकाची तीन अक्षरे जुळतात का ते पाहतो. वाहकाच्या पाठीवर काय लादले आहे, याची तो फारशी चौकशी करत नाही. हे 1962 मध्ये एका देखण्या प्रयोगाने सिद्ध झाले. सिस्टीन लादलेला वाहक घेऊन त्यावरच्या सिस्टीनचे रसायनाने अ‍ॅलनिन केले आणि मिश्रणात सोडला. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत अ‍ॅलनिन बसवले. पुढच्या वर्षी सशाच्या हिमोग्लोबिनवरही हेच दिसले.

म्हणून ही विकरे फार चोखंदळ असावी लागतात. व्हॅलिन आणि आयसोल्युसिन यांच्यात एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एवढाच फरक. आयसोल्युसिनचे विकर चुकून अडकवलेले व्हॅलिन ओळखून परत सोडवून टाकते.

रायबोसोमची थोरवी वेगळी आहे. लहान आणि मोठा अशा त्याच्या दोन भागांमध्ये संदेशक आरएनए धरला जातो. लहान भाग टोपीकडून सरकत येतो, एयूजीपाशी थांबतो, मग मोठा भाग वर बसतो. वाहकांसाठी तीन जागा असतात : एकीत नवा येतो, मधलीत वाढती साखळी पेललेला असतो, तिसरीतून रिकामा बाहेर पडतो. साखळी नव्या वाहकावरच्या आम्लाला जोडली जाते, रायबोसोम तीन अक्षरे पुढे सरकतो, की पुन्हा तेच. दर आम्लामागे एटीपी आणि जीटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूंतले मिळून चार तरी ऊर्जाबंध खर्ची पडतात. माणसात हा वेग सेकंदाला सुमारे पाच आम्ले इतका आहे, म्हणजे बीटा ग्लोबिनची एक साखळी अर्ध्या मिनिटात पुरी होते. एका संदेशावर एकामागून एक अनेक रायबोसोम चालत असतात. थांबा या कोडॉनसाठी वाहक नसतो. तिथे वाहकाचे सोंग घेतलेले एक प्रथिन शिरते आणि साखळी सोडवते.

आम्लांची जोडणी करणारा रायबोसोमचा गाभा प्रथिनाचा नसून आरएनएचा आहे. प्रथिने बनवणारे यंत्रच मुळात प्रथिन नाही, ही गोष्ट जीवसृष्टीच्या आरंभी आरएनए आधी होता या मताला मोठा आधार देते. रायबोसोमची अणुपातळीवरील रचना 2000च्या सुमारास उलगडली. चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन यांनी लहान भागाची रचना काढली. त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अ‍ॅडा योनाथ यांच्यासह 2009चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही ओळखीची प्रतिजैविके जिवाणूंच्या रायबोसोममध्येच खीळ घालतात. आपला रायबोसोम थोडा वेगळ्या घडणीचा असल्याने तो वाचतो.

सुटलेली साखळी घडी घालते, पोटात लोहयुक्त हीम घेते आणि दोन अल्फा, दोन बीटा मिळून हिमोग्लोबिनचा रेणू होतो. हीम नसेल तर साखळ्या बनवून उपयोग नाही; म्हणून हीमची चणचण ओळखणारे एक विकर तांबड्या पेशीत भाषांतरणच मंदावते. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पांडुरोगात तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. पक्व होताना तांबडी पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. त्यानंतरही दोनेक दिवस जुन्या संदेशांवर हिमोग्लोबिन बनत राहते, मग संदेश आणि रायबोसोम दोन्ही नष्ट होतात. सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन रेणू घेऊन ती पेशी पुढचे 120 दिवस एकही नवे प्रथिन न बनवता काढते.

सिकलसेलमध्ये सहाव्या आम्लाच्या जीएजी या कोडॉनचा जीयूजी झालेला असतो. डीएनएत एच्या जागी टी. मराठी वाचकाला ‘ध’चा ‘मा’ आठवेल. बदललेले अक्षर पेशी इमानाने वाचते : जीयूजी म्हणजे व्हॅलिन, तर व्हॅलिन. प्रतिलेखनात चूक नाही, भाषांतरणात चूक नाही. पण ग्लुटामिक आम्ल पाण्याशी जुळवून घेणारे आणि ऋणभारित, तर व्हॅलिन पाण्यापासून पळणारे. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या पृष्ठावरचे हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते, रेणूंचे ताठ दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. लिनस पॉलिंग यांच्या गटाने 1949 मध्ये याला रेणूचा आजार म्हटले. नेमके एकच आम्ल बदलले आहे हे व्हर्नन इंग्रॅम यांनी काही वर्षांनी दाखवले. भारतात हा दोष प्रथम 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदला गेला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात तो विशेष आढळतो.

गावपातळीवरच्या तपासणीत बोटातले थेंबभर रक्त एका द्रावणात टाकतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. गढूळपणामुळे मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची चाचणी इलेक्ट्रोफोरेसिसची. विजेच्या दाबाखाली हिमोग्लोबिन पट्टीवरून सरकते, आणि एक ऋणभार गमावलेले सिकल हिमोग्लोबिन मागे रेंगाळते. दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णाचा ‘एसएस पॅटर्न’, एकच सदोष असलेल्या व्यक्तीचा, म्हणजे आजाराच्या वाहकाचा, ‘एएस पॅटर्न’. वाहकाच्या पेशीत दोन्ही जनुकांची नक्कल निघते, दोन्ही संदेश वाचले जातात, म्हणून पट्टीवर दोन पट्टे उमटतात. ते सहसा सारख्या जाडीचे नसतात. सिकल साखळी अल्फा साखळीशी जरा कमी तत्परतेने जुळते, त्यामुळे वाहकाच्या रक्तात तिचा वाटा निम्मा न भरता 35 ते 40 टक्क्यांच्या आसपास राहतो.