डेटाबेसमधील स्थानिक अधिकारवाढ

संगणकावर मर्यादित प्रवेश असलेली व्यक्ती डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीचा आधार घेऊन त्याच संगणकाची सर्वाधिकारी, म्हणजे 'रूट', होऊ शकते, तिला स्थानिक अधिकारवाढीची त्रुटी किंवा 'लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन' म्हणतात.

'स्थानिक' या शब्दाने फसगत होते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल-चादरींचा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. सुताचा साठा, बिले, कामगारांचे पगार आणि कारखान्याची वेबसाइट, सगळे एकाच लिनक्स सर्व्हरवर. साठ्याच्या नोंदी करणाऱ्याकडे लॉगिन असते आणि वेबसाइटचा प्रोग्रामही तिथे एका साध्या युजरच्या नावाने चालतो. वेबसाइट फोडून आत शिरलेला परका माणूसही मग 'स्थानिक'च ठरतो.

२०१६ साली डाविड गोलुन्स्की या संशोधकाने मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधील अशा दोन त्रुटी उघड केल्या. पहिली (त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०१६-६६६३) वेळेच्या शर्यतीची. तक्ता दुरुस्त करताना मायएसक्यूएल तात्पुरती फाइल बनवते आणि मूळ फाइलच्या परवानग्या तिला देते. मधल्या निमिषात कोणी ती फाइल हटवून तिथे सिमलिंक, म्हणजे दुसऱ्याच फाइलकडे नेणारा दुवा, ठेवली, तर परवानग्या भलत्याच फाइलला लागतात. तक्ता बनवण्याचा, त्यात भरण्याचा आणि वाचण्याचा अधिकार एवढ्या भांडवलावर साधा युजर 'मायएसक्यूएल' या सिस्टिम युजरपर्यंत पोहोचतो.

तिथून दुसरी त्रुटी (सीव्हीई-२०१६-६६६४) रूटपर्यंत नेते. डेटाबेस बंद पडला की तो पुन्हा सुरू करणारी मायएसक्यूएलडी-सेफ ही स्क्रिप्ट रूट म्हणून चालते आणि एरर लॉग, म्हणजे चुकांची नोंद ठेवणारी फाइल, जागेवर नसेल तर तो बनवून 'मायएसक्यूएल' युजरच्या मालकीचा करते. लॉगच्या नावाची सिमलिंक प्रणालीच्या एखाद्या नाजूक फाइलकडे वळवून ठेवली आणि डेटाबेस मुद्दाम पाडला, की त्या फाइलची मालकी हल्लेखोराच्या हाती येते. पासवर्ड कितीही अवघड असला तरी इथे उपयोग नाही, कारण तो कोणी विचारतच नाही.

या त्रुटी मायएसक्यूएल ५.५.५१, ५.६.३२ आणि ५.७.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत होत्या. मायएसक्यूएलवरूनच बनलेल्या मारियाडीबी आणि पर्कोना सर्व्हर यांनाही झळ बसली. खरा उपाय आवृत्ती अद्ययावत करणे हाच. तोवर सेटिंगमध्ये सिमलिंकची सोय बंद केल्यास पहिल्या त्रुटीची वाट अडते.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मुळात रूट म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो, हा त्याचा मोठा गुण. तरी डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने त्याच्यासाठी दिलेल्या सुरू-बंद करण्याच्या स्क्रिप्टमध्ये लॉग फाइल आणि सिमलिंकची हीच चूक सापडली (सीव्हीई-२०१६-१२५५).